संशोधनाचा पैसा आधी कुठे: पित्तनलिकेचा कर्करोग की दहीहंडीतल्या जखमा?

सुमेधा_ठाणे
दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी गोविंदांच्या जखमांवर संशोधनासाठी वेगळा निधी हवा, अशी मागणी हमखास होते. मला ती पटत नाही. थर कमी केले की माना वाचतात, त्यात शोधायचं काय?

माझ्या बाबांना आधी नुसती खाज सुटली. रात्रभर पोटऱ्या ओरबाडायचे, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. मग डोळे पिवळे झाले. गावात कावीळ उतरवून घेण्यात पाच आठवडे गेले. निघाली पित्तनलिकेची गाठ, यकृताच्या अगदी तोंडाशी. ऑपरेशनआधी तुंबलेलं पित्त कुठून काढायचं, यावर डॉक्टरांचंच एकमत होईना. नेदरलँड्समध्ये नेमक्या याच प्रश्नावर चाचणी झाली. 2018 मध्ये निकाल आला: बाहेरून, त्वचेतून यकृतात नळी घातलेल्या 27 पैकी 11 जण दगावले; तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट टाकलेल्या 27 पैकी 3. चाचणी मध्येच थांबवावी लागली. असे प्रश्न सुटायला हवेत, पैसा इथे हवा.

हेमंत_लालबाग
ताई, बाबांचं वाचून गलबलून आलं. पण 'थर कमी करा' इतकं सोपं नाही. 2014 मध्ये हायकोर्टाने 20 फूट आणि 18 वर्षं ही मर्यादा घातली. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सैल केली नाही. 2017 मध्ये उंचीची अट गेली, वय 14 वर आलं. कितव्या थरावरून पडला, खाली गादी होती का, हेल्मेट होतं का, याच्या नीट नोंदी असल्याशिवाय नियमासाठी भांडायचं कशाच्या जोरावर?

आमच्या पथकातला पोरगा पडला तेव्हा आम्हीच त्याला काखेत आणि पायांना धरून उचलला, टेम्पोत घातला. मान सरळ धरायची असते हे एकालाही माहीत नव्हतं. आज त्याची आई दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.

आणि टाळता येतं म्हणून संशोधन नको म्हणता? थायलंडच्या ईशान्य भागात तुमचाच कर्करोग नदीतल्या कच्च्या माशांमधून होणाऱ्या यकृतकृमीमुळे होतो. तो कृमी कर्करोगकारक आहे हे 1994 मध्येच जाहीर झालं. मासा शिजवून खा म्हणायचं आणि तिथलं काम बंद करायचं?

अनिकेत_सर्जरी
सुमेधाताई, 54 रुग्णांची, अर्ध्यावर थांबलेली चाचणी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आकडे जमवणं हेच या आजारात कठीण. ब्रिटनच्या 'बिलकॅप' चाचणीत ऑपरेशननंतर कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्या द्याव्यात का, हे पाहिलं. 44 केंद्रं, 447 रुग्ण, भरती 2006 ते 2014! म्हणून निधी अनेक वर्षं सलग लागतो, आणि याबाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. हेमंतदादा म्हणतात त्या नोंदींना कॅज्युअल्टीत एक छापील फॉर्म पुरेल.

हेमंत_लालबाग
सणाच्या रात्री कॅज्युअल्टीत तो फॉर्म भरणार कोण, डॉक्टर? त्या माणसाचा पगार म्हणजेच निधी.

सुमेधा_ठाणे
थायलंडचा मुद्दा मान्य, 'टाळता येतं' हे माझं कारण चुकलं. फॉर्म भरणाऱ्याचा पगारही मान्य. पण बाबांच्या गाठीचं उत्तर मला अजून हवंय, ते रांगेत मागे गेलेलं चालणार नाही.