वाड्यावरच्या नाट्यमंडळाची नोंदणी करावी का?

उत्सवी_नट (फोंडा)

नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, आजोबांच्या वेळेपासून एक नाट्यमंडळ आहे. जत्रेला मराठी नाटक, गणेशचवथीत घरोघर घुमटाच्या (मातीच्या तालवाद्याच्या) साथीवर आरत्या आणि देवळाच्या अग्रशाळेतल्या, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेतल्या, एका खोलीत वाचनालय. मंडळाला नाव आहे, शिक्का आहे, पावतीबुक आहे. नोंदणी तेवढी नाही, कारण कधी गरज पडली नाही.

आमचे खजिनदारकाका गेल्या मे महिन्यात वारले. मंडळाचे सगळे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात. माणूस इतका चोख की वहीतली शेवटची नोंद जाण्याच्या चार दिवस आधीची आहे: हार्मोनियमचा भाता दुरुस्ती, ३५० रुपये. पण बँकेच्या लेखी ते पैसे मंडळाचे नाहीतच. गोव्याच्या कायद्याप्रमाणे अर्धे काकींचे, उरलेले मुलांचे. मुलगा म्हणतो, तुमचे पैसे तुम्हालाच देणार. पण आधी वारसाचा दस्त व्हायला हवा, आणि एक बहीण कुवेतला. काकी मला बघितलं की म्हणतात, "बाबा, तुमचे पैसे आमच्याकडे अडकले रे." त्यांच्यावर ही वेळ आमच्यामुळे आली. मला त्या अंगणात पाऊल टाकवत नाही.

काकांच्या ट्रंकेत मंडळाची जुनी वही सापडली. पहिल्या पानांवर वर्गणी पोर्तुगीज काळातल्या रुपये आणि तांगे या नाण्यांत, पुढे थोडी पानं एस्कुदो या त्यांच्याच नव्या चलनात, मग एकदम रुपये-पैसे. पोर्तुगीज गेले, चलन बदललं, पण वर्गणीदारांची आडनावं तीच. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यात छापायची प्रत्येक ओळ सेन्सॉरखालून जायची, लग्नपत्रिकासुद्धा. त्या दिवसांतही या लोकांनी मराठी पुस्तकं जमवली. ती वही हातात धरली तेव्हा वाटलं, हे आपल्या हलगर्जीपणाने बुडता कामा नये.

जुन्या मंडळींना मात्र धास्ती आहे. नोंदणी आली की निवडणूक, निवडणूक आली की पॅनल, आणि पॅनलमागून पक्ष. तुमचा अनुभव काय?

सत्तरीची माई

नोंदणी करा, उशीर करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं पुरतात. मग संस्थेच्या नावाने पॅन, संस्थेच्या नावाने खातं आणि दोघांच्या सह्या. कोणी गेलं तर सभेत ठराव करून सही बदलायची. घरच्यांना कोणी त्रास देत नाही.

आमच्या महिला मंडळाची चूक सांगते. दर वर्षी सर्वसाधारण सभेनंतर नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. आम्ही चार वर्षं दिली नाही. काम जोरात चाललं होतं, कागदाकडे बघतो कोण! अनुदानासाठी अर्ज केला तेव्हा तो तिथेच अडला. चार वर्षांची इतिवृत्तं आठवून आठवून लिहायला बसलो, आणि कोणती सभा कधी झाली यावरून आमच्यातच वाद. तेव्हा इतिवृत्त त्याच दिवशी लिहा, चहा यायच्या आधी.

पेडण्याचा भजनी

भाऊ, जुनी माणसं उगाच घाबरत नाहीत. आमच्या गावात नोंदणीनंतर दोन गट झाले आणि वाचनालयाला दोन पावसाळे कुलूप होतं. उघडलं तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांची वाळवीने माती केली होती. पण मी दोष नोंदणीला देणार नाही. नियमावली दुसऱ्या संस्थेची उचलून नाव बदललं होतं, कोणी वाचलीच नव्हती. सभासद कोण होऊ शकतो हे त्यात मोघम, म्हणून निवडणुकीच्या आदल्या महिन्यात साठ नवे सभासद झाले. मतदानाआधी किमान एक वर्ष सभासद असावं, एकाच पदावर सलग किती वर्षं राहता येईल, ही कलमं तुम्ही स्वतः बसून लिहा. संस्था बंद करायची तर पाचातल्या तिघांची मतं लागतात, आणि उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. हेही जुन्या मंडळींना सांगा, त्यांना धीर येईल.

गिरगावातला गोंयकार

मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन १९१९ साली गोव्याहून पोटासाठी आलेल्यांनी उभी केली. पुढे तिच्या कला विभागाची नाटकं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली, आणि तुमच्याच तालुक्यात, बांदिवड्याला, वृद्धांसाठी स्नेहमंदिर तिचंच. पहिली माणसं कधीच गेली, संस्था चालू आहे. नाटकवाल्यांना हिशेब जमत नाही असं तुमच्यात कोणी म्हणत असेल तर हे त्याच्या कानावर घाला.

उत्सवी_नट (फोंडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी अग्रशाळेत बसलो. सात नावं ठरली, त्यात वाचनालय सांभाळणाऱ्या दोन मुली आहेत. नियमावलीचा कच्चा खर्डा त्याच लिहिणार. एका वर्षाच्या अटीवर दोन तास बोलणं झालं, आणि शेवटी सगळ्यात जास्त घाबरलेल्या अण्णांनीच ती मान्य केली. माई, इतिवृत्त चहाआधी लिहिलं.

काकी आल्या होत्या. ट्रंकेची किल्ली त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. वही आता कपाटात आहे, सगळ्यात वरच्या फळीवर.