मदत हवी आहे: मेंटॉरिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा उपयोग मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. पुण्यात एका कॉलेजात शिकवते, एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) मुलांची मेंटॉरही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय), क्रेडिट, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) अशा शंकांना तोटा नाही. ग्रुपवर परीक्षा फॉर्मची नोटीस टाकली की अंगठ्यांचा पाऊस पडतो. मेसेज इन्फोत बघावं तर बहुतेकांनी वाचलेलं. आणि शेवटच्या दिवशी त्यातलीच मुलं विचारतात, "मॅम, फॉर्म कुठे भरायचा?"

वर्षअखेरीस अहवालात मागतात काय, तर किती मेसेज टाकले! माझ्या मते ते बिनकामाचं. लेट फी किती जणांना पडली, चुकीचा मायनर घेतलेले वेळेत सापडले का, हे बघायला हवं. तुमच्याकडे कुणी असं मोजतं का? सेमिस्टरच्या सुरुवातीला आणि शेवटी गुगल फॉर्म देत असाल तर त्यात काय विचारता?

दुसरं, मुलींचे नंबर सगळ्यांना दिसू नयेत म्हणून सूचनांसाठी व्हॉट्सअॅप चॅनेल काढायचा विचार आहे. तिथे फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. पण मुलं ते उघडतात का? इन्स्टावर रील टाका असं मुलंच सुचवतात, पण एटीकेटीची (राहिलेल्या विषयांची) शंका कमेंटमध्ये कोण विचारणार? प्रत्यक्ष वापरलेलं असेल तेच सांगा, प्लीज.