कॅल्शियम कार्बोनेटचा साका कमी येतोय: गणित चुकलं की प्रयोग?

एफवाय_कोथरूड: कॅल्शियम क्लोराइड ५.०० ग्रॅम आणि निर्जल सोडियम कार्बोनेट ५.०० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या बीकरमध्ये डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकत्र केले. साका गाळून, धुऊन, वाळवून ३.२० ग्रॅम भरला. गणिताने ४.५१ यायला हवा (५ ÷ १११ × १००.१), म्हणजे यील्ड (अपेक्षित साक्यापैकी प्रत्यक्ष मिळालेला भाग) ७१ टक्के. जर्नलमध्ये ‘गाळताना साका वाया गेला’ लिहिलं तर चालेल का? आणि कार्बोनेटचे ५ ग्रॅम गणितात कुठेच कसे आले नाहीत?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: नको लिहूस. सव्वा ग्रॅमच्या वर साका कागदातून निसटला असता तर खालचं पाणी दुधासारखं दिसलं असतं. आधी बाटलीचं लेबल बघ. १११ हे निर्जल कॅल्शियम क्लोराइडच्या एका मोलचं वजन, ग्रॅममध्ये. कॉलेजात बहुतेकदा डायहायड्रेट (स्फटिकात पाण्याचे दोन रेणू धरलेलं) असतं, त्याचं १४७. मग ५ ÷ १४७ = ०.०३४० मोल. समीकरणात क्लोराइड, कार्बोनेट, साका एकास एक, म्हणून साकाही ०.०३४० मोल, गुणिले १००.१ = ३.४० ग्रॅम. ३.२० म्हणजे ९४ टक्के.

कार्बोनेटचं म्हणशील तर ५ ÷ १०६ = ०.०४७२ मोल. गरज ०.०३४० ची, म्हणून लिमिटिंग रिएजंट (आधी संपणारा पदार्थ) क्लोराइड. उरलेलं ०.०१३२ मोल, म्हणजे १.४० ग्रॅम कार्बोनेट, गाळलेल्या पाण्यात गेलं. दोन्ही पाच-पाच ग्रॅम घेतले म्हणून दोन्ही पुरेपूर वापरले जातात असं नाही. मोल काढल्याशिवाय तुलनाच करायची नाही. ५ ग्रॅम डायहायड्रेटला ३.६ ग्रॅम कार्बोनेट पुरतं.

पेठेतला_केमिस्ट: एक भर. निर्जलऐवजी धुण्याच्या सोड्याचे खडे (पाणी धरलेलं सोडियम कार्बोनेट) घेतले असते तर २८६ ने भागावं लागलं असतं: ०.०१७५ मोल. मग कार्बोनेटच लिमिटिंग, साका जेमतेम १.७५ ग्रॅम. आणि हवेवर लक्ष ठेवा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कॅल्शियम क्लोराइड उघडं राहिलं की पाणी ओढून चिकट होतं, मग १४७ सुद्धा खरं राहत नाही. खड्यांचं उलट: एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी सोडून ते पांढरी भुकटी होतात. झाकणाच्या वेइंग बॉटलमध्ये पटकन वजन करा, गोळे झालेली बाटली या प्रयोगाला घेऊच नका.

एफवाय_कोथरूड: लेबलवर डायहायड्रेटच आहे. साका रात्रभर पंख्याखाली वाळवला होता, ओव्हन बंद होता. मग ९४ टक्के लिहू?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर: अजून नाही. पंख्याखाली पाणी पूर्ण जात नाही, म्हणून खरा आकडा ९४ पेक्षा कमी असू शकतो. ओव्हन सुरू झाला की १०५ ते ११० अंशांवर तासभर ठेव, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार कर, वजन घे. परत अर्धा तास. दोन वजनं ०.०१ ग्रॅमच्या आत जुळेपर्यंत हेच. साक्याचं विघटन व्हायला आठशे अंशांच्या आसपास जावं लागतं, ती भीती नको. गाळण कागदही आधी असाच वाळवून तोललेला हवा, तो स्वतःच ओल धरतो.

पेठेतला_केमिस्ट: आणि मीठ? या अभिक्रियेत जवळपास ४ ग्रॅम मीठ तयार होतं, नीट धुतलं नाही तर ते साक्यातच बसतं. धुण्याच्या शेवटच्या पाण्याचे थेंब परीक्षानळीत घ्या, आधी विरल नायट्रिक आम्ल, मग सिल्व्हर नायट्रेट. गढूळ झालं तर अजून धुवा. आम्ल विसरलात तर उरलेलं सोडियम कार्बोनेटच चांदीचा साका देईल आणि उगाच धूत बसाल. धुताना कॅल्शियम कार्बोनेट विरघळून जाईल ही धास्ती नको: २०० मिली पाण्यात जेमतेम ३ मिलिग्रॅम जातं. फक्त पाणी उकळून गार केलेलं घ्या, कार्बन डायऑक्साइड असलेल्या पाण्यात ते जास्त विरघळतं.