आडोसा, ओटी, माजघर : घराच्या नकाशातले शब्द

मोगरा :
सिंधुदुर्गात जुन्या जागेवर नवीन घर बांधतोय. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारी मुलं, सगळे एकत्र राहणार. वास्तुविशारदाने नकाशात पुढच्या भागावर 'सेमी-प्रायव्हेट' असं लिहिलंय. सासऱ्यांना मी 'अर्धखाजगी' म्हणून सांगितलं, त्यांना काही बोध झाला नाही. याला चांगला मराठी शब्द आहे का? आणि 'प्रायव्हसी'ला 'खाजगीपणा' सोडून दुसरं काय म्हणता येईल?

कातळ :
'ओटी' म्हणा, सासऱ्यांना लगेच कळेल.

कोकणातल्या जुन्या घराचा क्रम साधारण असा : खळं किंवा अंगण, मग पडवी, पायरी चढून ओटी, आत माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी आणि शेवटी परसू. ही नुसती जागांची नावं नाहीत. कोणी कुठवर यायचं तेही त्यांत आहे. नारळ काढायला आलेला माणूस पडवीत टेकतो, शेजारी हाक मारून ओटीवर येतो, माजघरात शिरतात ते घरच्यासारखे. पाटी लावावी लागत नाही, कडी घालावी लागत नाही. दर टप्प्याला पायरी किंवा उंबरठा आणि आत जाऊ तसा कमी होणारा उजेड, एवढ्यावर काम भागतं. 'सेमी-प्रायव्हेट'मध्ये हे सगळे टप्पे एकाच डब्यात कोंबले जातात.

'प्रायव्हसी'साठी मी दोन शब्द सुचवतो आणि ते वेगळे ठेवावेत असा माझा आग्रह आहे : एकांत आणि आडोसा. एकांतात दुसरं कोणी नसतं. आडोशाला माणसं जवळच असतात, फक्त त्यांची नजर पडत नाही. एकांताला भिंत आणि दार लागतं. आडोशाला कमरेइतकी भिंत, जाळी, पडदा, नाहीतर वाटेतलं एक वळणही पुरतं. मुलांना अभ्यासाला एकांत द्या. सासूबाईंना दुपारी आडवं व्हायला बहुधा आडोसा हवा असेल, चार भिंतींत एकटं पडायचं नसेल. त्यांनाच विचारा. हा फरक न सांगितल्यामुळे प्रत्येकाला बंद खोली मिळते आणि घरात कोणी कोणाला भेटत नाही.

देशावरचा :
आमच्या सातारा-कोल्हापूर भागात ओटीच्या जागी 'सोपा'. 'सोप्यात बसा, पाणी आणतो' हे रोजचं वाक्य. चौकाच्या चारी बाजूंना सोपे असले की तो चौसोपी वाडा. 'ओसरी'ही आहेच. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' या म्हणीत ओसरीच का आली? परक्याला टेकायला द्यायची जागा तीच म्हणून.

एक फरक मात्र लक्षात घ्या. कोकणातलं घर बाहेर उघडतं, वाडा आत उघडतो. वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड, खालच्या मजल्याला खिडक्या थोड्या, आणि सगळा मोकळेपणा चौकात. माडीवरून, सोप्यातून, स्वयंपाकघरातून सगळ्यांची नजर तिथेच. गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांत त्याला 'राजांगण' म्हणतात, मध्ये तुळस. तिथल्याच ख्रिस्ती घरांचा 'बाल्कांव' बरोबर उलटा : दारापुढचा छप्पर असलेला सोपा, दोन्ही बाजूंना बांधीव बाकं, तोंड रस्त्याकडे. शब्द पोर्तुगीज, सवय आपलीच.

चाफेकळी :
माजघर म्हणजे मधलं घर. संस्कृत 'मध्य', प्राकृत 'मज्झ', त्यावरून 'माज'. शब्द मलाही आवडतो, पण तिथे राहणाऱ्यांचा विचार करा. कित्येक घरांत ती सर्वांत अंधारी जागा असे. बायका दाराआडून ओटीवरचं बोलणं ऐकत आणि स्वतः बोलायला पुढे येत नसत. पाळीचे दिवस मागच्या बाजूला काढावे लागत. जातीमुळे किती माणसांना अंगणातच उभं राहावं लागे, ते तर वेगळं सांगायला नको. कातळ, 'कोणी कुठवर यायचं' हे तुम्ही फार सहज लिहिलंत.

तरी नावं टाकून द्या असं मी म्हणणार नाही. माजघर मध्यात राहू दे, पण वरून उजेड घ्या, आणि स्वयंपाकघरातून ओटी दिसेल अशी खिडकी किंवा दार ठेवा. या चर्चेत मला आणखी एक शब्द हवा आहे : चाहूल. कोण आलं, कोण उठलं, कोण जेवला नाही, हे चौकशी न करता कळणं. आडोसा आणि चाहूल एकत्र साधले की ते घर राहण्यासारखं.

कातळ :
मान्य. माझ्या यादीत ते यायला हवं होतं.

आराखडा :
व्यवसायाने वास्तुरचनेत आहे, म्हणून एक भर. पडवीचं पहिलं काम ऊन-पाऊस अडवणं. मुंबईत वारा आणि देखावा पूर्व-पश्चिमेला, पण कडक ऊन आणि पावसाचा मारा त्याच बाजूंनी. म्हणून जुन्या बंगल्यांभोवती व्हरांडे असत. वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी पेडर रोडवरच्या 'कांचनजंगा' इमारतीत (१९८३) तीच युक्ती उंच नेली : कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची-बाग, खोल्या तिच्या आडोशाला. साध्या फ्लॅटमध्ये आपण बाल्कनी काचा लावून हॉलमध्ये घेतो. खोली थोडी वाढते आणि मधला टप्पा जातो. मोगरा, तुमची पडवी निदान खुर्ची मांडून पाय पसरता येतील इतकी रुंद ठेवा, नाहीतर तिथे फक्त चपला राहतील.

मोगरा :
नकाशावर 'सेमी-प्रायव्हेट' खोडून 'ओटी' लिहिलं. सासऱ्यांनी लगेच विचारलं, 'मग पायरी कुठाय?' नकाशात खरंच नव्हती, सगळं एका पातळीत. पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पुढे पायरी आणि बाजूने उतार करतोय. एक राहिलं : 'ओटीत' की 'ओटीवर'?

कातळ :
ओटीवर. ओसरीवर, माडीवर, गच्चीवरसुद्धा. पण पडवीत, माजघरात, परसात. अंगण उघडं असूनही 'अंगणात', म्हणजे प्रश्न उघड्या-बंदाचा नाही, चढून जाण्याचा असावा. 'सोप्यात' आणि 'सोप्यावर' मात्र मी दोन्ही ऐकलंय. देशावरचे, तुमच्याकडे काय म्हणतात?