जास्वंदीवर, पपईवर, कपाशीवर पिठ्या ढेकूण : तुमचे अनुभव सांगा

जळगावची_माहेरवाशीण
सकाळी देवासाठी फुलं तोडताना जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरं कापसासारखं दिसलं, बोटांना चिकट लागलं, आणि मामाची शहाद्याकडची पपईची बागच डोळ्यांपुढे आली. फळं पांढरीफटक, खालची पानं काळ्या बुरशीनं माखलेली. मामा बांधावर नुसता उभा राहायचा, कोणाशी बोलायचा नाही. शेवटी बाग उपटून जाळली. आज लगेच शेंडे छाटून पिशवीत बंद केले, बाकी झाडाला पाण्याचा जोरदार फवारा दिला. तुमच्याकडे कोणी काय केलं? कुंडी, गच्ची, शेत, सगळं लिहा.

भुसावळ_गच्ची
आधी मुंग्या बघ. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर पिठ्या ढेकूण आहेच. त्याचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याला राखतात, पिल्लं दुसऱ्या झाडावर नेऊन सोडतात. काळी बुरशीही त्या चिकट्यावरच वाढते. मी कुंड्या पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवते.

धुळेकर७२
ताई थाळीतलं पाणी रोज बदला हो, डेंग्यूचे डास होतात. आमच्या गल्लीत घरोघरी ताप आहे.

भुसावळ_गच्ची
रोज बदलते भाऊ. काळजी घ्या सगळे.

स्वयंपाकातून_लिहितेय
घरातल्या जेडच्या रोपाला झाला होता. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपला, पानांच्या बेचक्यात जास्त लपतो. दर आठवड्याला पुन्हा करावं लागतं कारण अंड्यातून नवीन निघतात. नुसतं पाणी त्याच्या अंगावरच्या मेणावरून घसरून जातं म्हणून फवाऱ्यात साबण हवाच. तुळशीला मात्र स्पिरिट नको, पानं आपण खातो, धुऊन काढा. कुकर झाला, येते

चोपडा_शेतकरी
व माय, मामानं वाचीसनी डोयामा पानी उनं.
पपईवरचा तो परदेशी. आपल्या देशात 2008 ला कोइंबतूरकडे सापडला, मग महाराष्ट्रात आला. फवारे मारून मारून लोक थकले. 2010 मध्ये पोर्टो रिकोहून असेरोफॅगस पपाये नावाची एकदम बारीक गांधीलमाशी आणून सोडली. ती त्याच्या अंगात अंडी घालते, पिल्लू आतून त्याला खातं. त्या माशीनं जे केलं ते कोणत्याच औषधानं केलं नाही. म्हणून सांगतो, दिसला की जहाल औषध मारू नका, मित्रकीटक आधी मरतात. कपाशीवरचा वेगळा. बांधावरचं गाजरगवत आणि पेटारी काढा, तो तिथूनच येतो, आणि वेचणी झाली की पराट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, शेतात उभ्या ठेवू नका.

जळगावची_माहेरवाशीण
भाऊ, हे मामाला वाचून दाखवते. त्याला आजही वाटतं आपलंच काही चुकलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

रावेर_केळी
एक महत्त्वाचं. क्रिप्टोलेमस भुंग्याची पिल्लंही पांढरी, मेणाच्या झुपक्यांची असतात. लोक पिठ्या समजून चिरडतात आणि ती तर त्यालाच खाणारी! ढेकणापेक्षा मोठी नि भरभर चालणारी दिसली तर हात लावू नका.

यावलची_काकू
वांग्यावरपण येतो का? बामणोदची वांगी आणलीत, भरीत लावलंय, पाहुणे आहेत. परसात पण चार झाडं आहेत.

धुळेकर७२
काकू भरीत आणि कळण्याची भाकरी? आम्हाला कधी बोलावता

यावलची_काकू
या ना भाऊ, ठेचा पण आहे. पण वांग्याचं सांगा आधी

स्वयंपाकातून_लिहितेय
वांग्यावरपण येतो काकू. लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडा साबण, पानांच्या खालून फवारा. संध्याकाळीच. आपल्याकडच्या उन्हात दुपारी मारलं की पानं करपतात.

नंदुरबार_अडेनियम
मुळांनाही होतो!! अडेनियम सुकत होतं, वर काहीच नाही. कुंडी उपडी केली तर मुळांवर पांढरं. माती टाकून दिली, मुळं धुतली, नव्या मातीत लावलं. आता फुललंय. नवीन रोप आणलं की थोडे दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा.

यावलची_काकू
आत्ता बघून आले. पानांखाली पांढरं आहे पण हात लावला की उडतंय.

रावेर_केळी
मग तो नाही काकू, ती पांढरी माशी. पिवळे चिकट सापळे टांगा, निंबोळी तेल तिलाही चालतं.