मदत हवी आहे: ६० जणांसाठी स्मोक्ड पोर्क, एवढं प्रमाण पहिल्यांदाच

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. पार्टी तिच्या घरी, गोल्ड्सबरोला, परसात. ७५ माणसं येतील, त्यातली ६० तरी पोर्क खाणारी. पोर्क मी करते असं सांगून बसले आहे आणि आता आकडे मांडायला घेतले तर धास्ती वाटायला लागली आहे. ज्यांनी एवढ्या प्रमाणात केलंय त्यांनी कृपया मदत करा.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. गोल्ड्सबरो इथून तासाभराहून थोडं जास्त, राज्याच्या पूर्व भागात. तिकडे बार्बेक्यू म्हणजे पोर्कच, तेही व्हिनेगर आणि मिरचीतलं. सॉसमध्ये टोमॅटोचा थेंब चालत नाही. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनला खांद्याचं मांस घेतात आणि सॉसमध्ये थोडा केचप घालतात. पूर्वेकडे अख्खं डुक्कर. मैत्रिणीचे वडील दर उन्हाळ्यात अख्खं डुक्कर रात्रभर निखाऱ्यांवर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सगळे भोवती उभे राहून मांस तोडून घ्यायचे. याला तिकडे पिग पिकिंग म्हणतात. आम्हाला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा माझा मुलगा सहा महिन्यांचा होता. तो जन्मला तेव्हा आईचा व्हिसा झाला नव्हता आणि पहिला महिनाभर याच घरून दर दोन दिवसांनी डबा यायचा. हे मी विसरू शकत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. (मैत्रिणीच्या वडिलांना मी काकाच म्हणते, त्यांनाही आता ते नाव वाटतं.) रात्रभर उभं राहून फावड्याने निखारे सारणं त्यांना जमणार नाही. जेवताना मैत्रीण म्हणाली, यंदा केटररकडून मागवू. काका काही बोलले नाहीत, फक्त ताट थोडं पुढे सारलं. मी समोरच बसले होते. तिथेच म्हणून गेले, मी करते.

अख्खं डुक्कर माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मी पोर्क बट करणार. नावात बट असलं तरी हा खांद्याचा वरचा भाग. चरबी आणि चिवट धागे भरपूर, त्यामुळे दहा-बारा तास धुरात राहूनही कोरडा पडत नाही, उलट सुटा होत जातो. माझ्याकडे २२ इंची वेबर स्मोकी माउंटन आहे, कोळशावरचा स्मोकर, दोन जाळ्यांचा. हिकरीचं लाकूड वापरते. आजवर एका वेळी दोनच बट केलेत.

आणि त्यातच एकदा चांगलीच फजिती झाली आहे. थँक्सगिव्हिंगला नऊ-नऊ पौंडांचे दोन बट सकाळी सातला चढवले, संध्याकाळी सहाला जेवू असं सगळ्यांना सांगितलं. आतलं तापमान १६० फॅरनहाइटला पोचलं आणि चार तास तिथेच अडकलं. मी घाबरून सारखं झाकण उघडून बघत राहिले, त्याने आणखी उशीर. जेवायला सव्वादहा वाजले. दोन लहान मुलं सोफ्यावर उपाशी झोपली. घरच्या आठ माणसांत ते निभावलं. ७५ माणसांत, त्या दोघांच्या लग्नाच्या ५० व्या वाढदिवसाला, ते मला नको आहे.

माझा हिशोब असा: माणशी शिजलेलं १५० ग्रॅम, म्हणजे ९ किलो. शिजून वजन निम्मं होतं असं धरलं तर कच्चं १८ किलो, म्हणजे ४० पौंड. आठ-आठ पौंडांचे पाच बट. हाताशी एक जास्त असावा म्हणून सहा. बरोबर आहे का?

सहा बट एकदम चढवले तर वेळ तिप्पट लागेल का? शुक्रवारी रात्रभर जागून शनिवारी दुपारी एकला गरम वाढावं, की गुरुवारीच करून फ्रिजमध्ये ठेवावं आणि तिकडे गरम करावं? काकांनी आयुष्यभर ताजंच वाढलंय, म्हणून मन पहिल्याकडे ओढतं. शिवाय तासाभराचा प्रवास आहे आणि जूनमधलं ऊन. कोणी आजारी पडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

आमच्यापैकी दहा-बारा जण पोर्क खात नाहीत, त्यांच्यासाठी चिकन आणि भाज्या. ते त्याच स्मोकरवर जमेल का?

जाणकारांनी जरूर लिहा. नवऱ्याचं म्हणणं आहे की मी उगाच काळजी करते, पण तो स्मोकरजवळ फिरकत नाही.

———

प्रतिसाद (ह्यूस्टनहून)

हिशोब ठीक आहे, सहा घ्याच. पाव, कोलस्लॉ, बीन्स असेल तर १५० ग्रॅम पुष्कळ होतं. वाढताना पहिल्या वीस माणसांची ताटं मात्र नेहमी जास्त भरतात, म्हणून मोठा चमचा ठेवू नका, चिमटा ठेवा.

वेळ एकेका तुकड्याच्या वजनावर ठरतो, एकूण वजनावर नाही. आठ पौंडांचा एक असो की सहा, २५० फॅरनहाइटला दहा ते बारा तास धरा. फरक पडतो तो सुरुवातीला. ४८ पौंड थंडगार मांस आत गेलं की स्मोकरचं तापमान बसतं आणि वर यायला तास-दीड तास घेतं. त्या वेळात घाबरून खालच्या झडपा पूर्ण उघडू नका, नंतर आवरणार नाही. कोळशाचं कडं काठोकाठ न पेटवलेल्या कोळशाने भरा, हिकरीचे तुकडे मध्ये मध्ये पेरा आणि वर फक्त एक चिमणीभर (कोळसा पेटवायचं नळकांडं) पेटलेले निखारे ओता. वरून खाली सावकाश पेटत जातं. पहाटे एकदा कोळसा बघा. तुकडे एकमेकांना चिकटू देऊ नका, दोन बोटं अंतर हवं. दोन्ही जाळ्यांना वेगळा प्रोब (तापमान मोजायची सळई) लावा, कारण वरची आणि खालची सारखी तापत नाही. धूर पातळ, निळसर दिसेपर्यंत मांस चढवू नका. दाट पांढऱ्या धुराने कडवट होतं.

थँक्सगिव्हिंगला तुम्ही जे पाहिलं तो स्टॉल. मांसातून पाणी सुटून बाष्प होतं आणि घामाने अंग गार पडावं तसं मांस स्वतःला गार ठेवतं. १५० ते १७० च्या मध्ये कुठेही बसतो. तिथे वर रंग नीट चढलेला असेल तर दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. बाष्प अडलं की तापमान पुन्हा चढतं.

प्रतिसाद

फॉइलने वरचा बार्क मऊ पडतो. मी बुचर पेपर (मांस गुंडाळायचा जाड कागद) वापरतो, वेळ थोडा जास्त लागतो पण वरची काळी कडक खपली टिकते. एवढ्या मांसात ती खपली बारीक करून सगळीकडे मिसळली की प्रत्येक घासात येते. पूर्व कॅरोलायनाच्या माणसाला तेच हवं असतं.

प्रतिसाद (न्यू जर्सी, लहान केटरिंग करते)

ताई, तुमची ओढ समजते, पण दोन्ही वाटा चांगल्या आहेत. आधी करून ठेवलेलं पोर्क वाईट लागत नाही. मी लग्नाच्या ऑर्डरी आदल्या दिवशीच करते. गरम असतानाच मांस धाग्याधाग्यांत सोडवा, दोन इंचांहून जास्त थर होणार नाही अशा उथळ ट्रेमध्ये पसरा. १३५ वरून ७० फॅरनहाइटवर दोन तासांत आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. मोठ्या पातेल्यात गच्च भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो, आणि आजारपण तिथूनच येतं. फॉइलमधला रस फेकू नका. गार करून वरची चरबी काढा आणि गरम करताना तोच रस परत घाला. झाकून १६५ पर्यंत.

ताजं न्यायचं असेल तर सोडवू नका, अख्खे बट गुंडाळलेलेच न्या. बर्फाचा कूलर, आत बर्फ नाही, खाली-वर जुने टॉवेल. सहा बट एकत्र असले की चार-पाच तास १४० च्या वर सहज राहतात. एक प्रोब आतच ठेवा आणि आकडा बघत जा. १४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. सोडवायचं तिथे पोचल्यावर, वाढायच्या आधी अर्धा तास. टेबलावर आलं की तास धरायचा. ९० फॅरनहाइटच्या वर ऊन असेल तर उघड्यावर एकच तास. त्यामुळे सगळं एकदम मांडू नका, थोडं थोडं काढा.

चिकन त्या स्मोकरवर नको. कच्च्या चिकनचं पाणी पोर्कवर गळायला नको, आणि चिकनला आच जास्त लागते. तिकडच्या गॅस ग्रिलवर मांड्यांचे तुकडे, आतून १६५. पोर्क न खाणाऱ्यांसाठी चिमटा, सुरी, ट्रे सगळं वेगळं ठेवा आणि टेबलही दुसरं. भाज्या आधी भाजा, चिकन नंतर.

प्रतिसाद (म्हापशाहून)

आमच्याकडे पोर्क आणि व्हिनेगर ही जुनीच जोडी. विंदालूत माडाचं व्हिनेगर, चोरिसातही (आमचं पोर्क सॉसेज) तेच, वर ऊन आणि धूर. तुमच्या काकांचा सॉस वाचून एकदम ओळखीचा वाटला. एक सांगते: व्हिनेगर मांस गरम असताना घाला. गार मांसावर ते वरच राहतं आणि नुसतं आंबट लागतं. आणि मीठ आधी मांसात पुरतं मुरू द्या, आदल्या रात्रीच चोळून ठेवा.

———

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कागद-पेन घेऊन बसले आणि ठरवलं.

ताजंच नेणार. गुरुवारी रात्री मीठ, मिरी, पाप्रिका आणि ब्राऊन शुगर चोळून फ्रिजमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी सहाला चढवणार, २५० वर. मध्यरात्रीनंतर स्टॉल येईल तेव्हा चार बट फॉइलमध्ये, दोन बुचर पेपरमध्ये, म्हणजे खपली पण मिळेल. पाच ते आठच्या मध्ये कधीतरी २०० ला येतील. हाड हातात धरून ओढलं की स्वच्छ निघून आलं पाहिजे, आकड्याहून माझा त्यावर विश्वास आहे. लवकर झाले तर ओव्हन १७० वर ठेवून त्यात. सव्वादहाला निघायचं.

सॉससाठी काल काकांना फोन केला. एक लिटर सायडर व्हिनेगर, दोन मोठे चमचे मिरचीचे फ्लेक्स, एक मोठा चमचा मिरी, दीड चमचा मीठ, दोन चमचे साखर, आणि आठवडाभर आधी करून ठेव म्हणाले, त्याशिवाय मिरची उतरत नाही. दोन लिटर करणार. टोपणाला भोकं पाडलेली त्यांची जुनी काचेची बाटली ते मला देणार आहेत. मग विचारलं, चढवायचं कधी? सहाला म्हटल्यावर म्हणाले, मग मी पाचला येतो, खुर्ची लाव. मैत्रीण त्यांना आणून सोडणार आहे. नऊला झोपायचं, असं वचन घेतलंय त्यांच्याकडून.

एकच प्रश्न उरला. दोन कूलरपैकी एकाचं झाकण नीट बसत नाही. चिकटपट्टीने चालेल का?

प्रतिसाद (न्यू जर्सी)

चालेल, पण सगळ्या कडेने लावा. मांस ठेवायच्या आधी अर्धा तास त्यात उकळतं पाणी भरून ठेवा, मग ओतून पुसून घ्या. कूलर स्वतः गार असेल तर पहिल्या तासातच दहा-पंधरा अंश खातो. आणि दोन्ही प्रोबच्या बॅटऱ्या शुक्रवारी सकाळी बदला.