मदत हवी आहे: रेडिएशननंतर बाबांचं विसरणं वाढलंय
नमस्कार मंडळी, बाबांना नाकाच्या मागच्या भागाचा म्हणजे नेझोफॅरिंक्सचा कॅन्सर होता, ३५ सिटिंगमध्ये ७० ग्रे (डोस मोजायचं एकक) रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झालं, त्याला आता दोनेक वर्षं होतील, स्कॅन क्लीन आहे. पण हल्ली तोच प्रश्न परत परत विचारतात आणि आयुष्यभर तोंडी हिशोब करणारा माणूस किराण्याच्या बिलात अडकतो, बघवत नाही हो. नातेवाईक म्हणतात वय झालं, पण ६१ हे काय वय आहे का? वाचलं की ही गाठ मेंदूच्या टेम्पोरल लोबच्या, म्हणजे आठवणी सांभाळणाऱ्या भागाच्या जवळ असते त्यामुळे तिथेही डोस जातो आणि त्रास कधीकधी वर्षांनी दिसतो, शिवाय मानेला रेडिएशन मिळाल्यावर थायरॉइड मंदावून पण डोकं सुस्त होतं म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्त तपासणी करायला दिलीय. सिस्प्लॅटिनने ऐकूही कमी येतं, त्यामुळे विसरले की ऐकलंच नाही हे कळत नाही. कुणाच्या घरी असं झालंय का? आधी एमआरआय करायचा की न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे मेमरी टेस्ट? पुण्या-मुंबईत मराठीतून टेस्ट घेणारं कुणी माहीत असेल तर प्लीज सांगा, इंग्रजीत विचारलं की बाबा गप्पच होतात.